मिनीव्हॅनचा ऑक्सिजन सेन्सर

मोटारीच्या धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर हा आंगठ्याएवढा जिन्नस. पण इंजिनास पेट्रोल किती द्यावें हें पुष्कळसें त्याच्या साक्षीवर ठरतें. बॉश कंपनीनें केलेला हा सेन्सर १९७६ सालीं प्रथम व्होल्वो मोटारींत आला. त्यांतील झिर्कोनियाची टोपी सुमारें ३०० अंशांवर तापली म्हणजे आंतील धूर व बाहेरील हवा यांतील प्राणवायूच्या अंतरामुळें वीज उत्पन्न होते: पेट्रोल अधिक झाल्यास सुमारें ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाल्यास ०.१. वजनानें एका भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा, हें प्रमाण राखण्यास एवढी खूण पुरते.

सेन्सर बिघडला म्हणजे पेट्रोल व्यर्थ जातें, आणि जादा पेट्रोल पुढील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जळून तो फार महाग भागही निकामी होतो. तथापि दिवा लागतांच नवा सेन्सर आणण्याची घाई आम्हांस पसंत नाहीं. नळीस सेन्सरच्या अलीकडे चीर असेल तर बाहेरची हवा शिरून चांगला सेन्सरही खोटी साक्ष देतो! म्हणून प्रथम नळी, तारा व फ्यूज तपासावे.

बदलतांना नळी किंचित् कोमट असावी. आटे गंजले असल्यास तेल मुरूं द्यावें. तारेसाठीं खांच असलेला, बहुधा २२ मिलिमीटरचा, पाना लागतो. नव्या सेन्सरचे आटे आधीं हातानेंच बसवावे. आट्यांस लावावयाचें मलम टोंकास लागूं देऊं नये. तार तापलेल्या नळीपासून दूर बांधावी, कोड पुसावा व गाडी फिरवून दिवा पुन्हां लागतो कीं काय तें पाहावें.