रक्तगटाच्या दोन चिठ्ठ्या



बाळ जन्मले की आयाबाया म्हणतात, "नाक आईवर गेलंय, कपाळ बापावर." मग रक्त कुणावर जाते? "त्यात काय विचारायचं? बापलेकाचं रक्त एकच!" असे पुष्कळांना वाटते. पण तसे नेहमीच नसते. कसे ते पाहू.

पूर्वी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले की काही रोगी वाचत, तर काही दगावत. कारण कळत नव्हते. १९०१ साली व्हिएन्ना शहरात कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेतले. एकाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळला. कुठे गुठळ्या झाल्या, कुठे झाल्या नाहीत. त्यावरून आज आपण ज्यांना ए, बी आणि ओ म्हणतो ते गट समजले. चौथा एबी गट १९०२ साली सापडला. लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे गट मुलांत कसे उतरतात, याचा नेमका हिशेब १९२४ साली फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने मांडला. बघा, गणित कुठेकुठे उपयोगी पडते!

असे समजा, की प्रत्येकाजवळ दोन चिठ्ठ्या आहेत. एक आईने दिलेली, एक वडिलांनी दिलेली. शास्त्रात त्यांना जनुके म्हणतात. प्रत्येक चिठ्ठीवर एकच अक्षर असते : ए, बी किंवा ओ. ए आणि बी बोलके आहेत, ओ मुका आहे. बोलक्याशेजारी मुका बसला, तर तो असूनही कळत नाही.

ए–ए किंवा ए–ओ : गट ए
बी–बी किंवा बी–ओ : गट बी
ए–बी : गट एबी
ओ–ओ : गट ओ

आता गंमत पहा. आईचा गट ए आणि वडिलांचा बी आहे. दोघांजवळही दुसरी चिठ्ठी मुक्या ओची आहे. आई एक चिठ्ठी देणार, वडील एक देणार. मूल ए, बी, एबी किंवा ओ, कोणत्याही गटाचे होऊ शकते! दुसरे उदाहरण : एक पालक एबी आणि दुसरा ओ असेल, तर मूल ए किंवा बी गटाचे होते. म्हणजे गट दोघांशीही जुळत नाही, तरी मूल त्यांचेच.

काही घरांत गट वेगळा निघाला की कुजबुज सुरू होते, आणि बोल मात्र आईला लागतो. हे अज्ञान आहे. आधी चिठ्ठ्या मांडून पहाव्यात. त्यातही हिशेब चुकला असे वाटले, तरी घाई करू नये. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत एक विरळ गट शोधला. त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. या माणसांत ए व बी ज्यावर तयार होतात तो 'एच' पदार्थच नसतो. जवळ एची चिठ्ठी असली तरी साध्या तपासणीत गट ओ दिसतो. अशांना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या चिठ्ठ्या निराळ्या. तिथे निगेटिव्ह मुका. म्हणून आई-वडील दोघे पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असले, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला 'अँटी-डी' इंजेक्शन द्यावे लागते. नाहीतर पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फुटून त्याला तीव्र कावीळ होण्याचा धोका असतो. म्हणून दिवस राहिल्यावर रक्तगट तपासून घ्यावाच.

करून पहा : दोन रिकाम्या काडेपेट्या घ्या. एकीत ए व ओ, दुसरीत बी व ओ अशा चिठ्ठ्या ठेवा. डोळे मिटून प्रत्येकीतून एक काढा. झाले बाळ! गट लिहून घ्या. चिठ्ठ्या परत आत टाका आणि पुन्हा काढा. असे वीस वेळा करा. प्रत्येक गट बरोबर पाच वेळा येईलच असे नाही. कारण दर बाळाच्या वेळी चिठ्ठी नव्याने निघते. म्हणूनच सख्ख्या भावंडांचेही गट वेगळे असतात.

लक्षात ठेवा : नाते कितीही जवळचे असो, रक्त देण्याआधी तपासणी आणि जुळवणी झालीच पाहिजे. माया सगळ्यांची सारखी असते, गट सारखा असेलच असे नाही.

— विज्ञान मंडळ, इयत्ता सातवी