आगगाडी थांबते कशी?

आगगाडीच्या वेगाचे कौतुक आपण नेहमीच करतो. पण धावती गाडी थांबते कशी, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

आधी थोडे गणित करू. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ब्रेक लावल्यावर या ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर होते. समजा, ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने गाडी धावत आहे आणि ब्रेकमुळे तिचा वेग दर सेकंदाला 1 मीटरने कमी होतो. तर ती 200 मीटर अंतरात थांबेल. वेग दुप्पट असेल तर हेच अंतर 800 मीटर होईल!

मग ब्रेक जास्तीत जास्त जोराने दाबले तर? चाके जागीच जखडली तर गाडी लवकर थांबेल, असे तुम्हांलाही वाटेल. पूर्वी पुष्कळांना तसेच वाटत असे. खरे काय ते 1878 आणि 1879 साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले.

गॅल्टन यांचे प्रयोग

कॅप्टन डग्लस गॅल्टन आणि जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी एका खास डब्यात मोजमापाची उपकरणे बसवली. ब्रेकच्या ठोकळ्यांचा दाब, त्यांचे घर्षण आणि चाकांचा वेग यांची नोंद ही उपकरणे कागदावर आपोआप करीत. या प्रयोगांतून दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट अशी, की बिडाचा ठोकळा व पोलादी चाक यांतील घर्षण वेगाबरोबर बदलते. ताशी 50 मैल वेगाला घर्षणांक सुमारे 0.12 होता, तर 20 मैलांना सुमारे 0.19. म्हणजे वेग जास्त असताना ठोकळ्याची पकड कमी, आणि वेग उतरला की पकड वाढते. म्हणून सुरुवातीला दाब जास्त हवा आणि गाडी मंदावेल तसतसा तो कमी करायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे, जखडलेले चाक गाडीला कमी अडवते! असे का? फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू रुळाला टेकतो, तो त्या क्षणी रुळावर स्थिर असतो. तेथे स्थितिक घर्षण काम करते. चाक जखडले की ते रुळावरून घसरू लागते, आणि घसरताना मिळणारे घर्षण पुष्कळच कमी असते. शिवाय चाक एकाच जागी झिजून सपाट होते ते वेगळेच.

ज्ञान होते, पण...

ब्रेक चांगला असून भागत नाही. तो बिघडला तरी गाडी थांबली पाहिजे. वेस्टिंगहाऊस यांच्या स्वयंचलित ब्रेकमध्ये नळीतील हवेचा दाब ब्रेकना सैल ठेवतो. नळी तुटली की दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याच्या टाकीतील हवा ब्रेक लावते. ही युक्ती 1870 नंतरच्या काही वर्षांतच उपलब्ध झाली होती; पण सर्व गाड्यांना ती बसवलेली नव्हती.

12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ मुलांची एक सहलगाडी चढावर अडली. इंजिनासह पुढचे डबे नेण्यासाठी गाडीचे दोन भाग केले. ब्रेक स्वयंचलित नसल्यामुळे नळी सोडताच मागच्या डब्यांचे ब्रेक सुटले. हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड पुरे पडले नाहीत. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे दगावली. त्यांत बरीच मुले होती. त्याच वर्षी तेथे प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला.

आज आपल्याकडे

आपल्या एल.एच.बी. डब्यांत चाकांचा वेग मोजणारी यंत्रणा असते. एखादे चाक जखडू लागले की ती क्षणभर ब्रेक सैल करते. गॅल्टन यांचा धडाच तो! लखनौची रेल्वे संशोधन संस्था, आर.डी.एस.ओ., नवे डबे रुळांवर प्रत्यक्ष धाववून ते किती अंतरात थांबतात हे मोजते.

आता तुम्ही सोडवा: वरच्या उदाहरणातील 72 किलोमीटर वेगाच्या गाडीची चाके जखडली आणि मंदन निम्मे झाले, तर ती किती अंतरात थांबेल? जास्तीचे अंतर शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून पाहा. त्या अंतरात फाटकावर कोणी उभे असेल, तर काय होईल?