संध्याकाळचे प्राणिसंग्रहालय

(बी. ए. भाग २)

प्राणिसंग्रहालय म्हणजे लहान मुलांची करमणूक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझीही तीच होती. मागील हिवाळ्यात नागपूरच्या महाराजबागेत जाण्याचा योग आला आणि ती बदलली. हे प्राणिसंग्रहालय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, हेही मला तेथेच कळले.

दुपारी बहुतेक प्राणी झोपलेले होते. बिबट्यासमोर मुले ओरडत होती, पण तो कानही हलवीत नव्हता. ऊन कलले तसा तो उठला, अंग ताणून येरझारा घालू लागला. हरणांनी माना वर केल्या. नेमकी त्याच वेळी बंद होण्याची शिट्टी झाली! आम्ही बाहेर पडलो, तेव्हा खरे प्राणिसंग्रहालय सुरू होत होते.

असे का व्हावे? परत आल्यावर मी ग्रंथालयात शोध घेतला. आपल्याकडील कडक उन्हात बिबट्या, अस्वल, रानडुक्कर हे प्राणी सावलीत पडून राहतात व तिन्हीसांजेला चरावयास, शिकारीस निघतात. त्यांपैकी बिबट्यासारख्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आत आलेला उजेड त्यावरून परततो आणि डोळ्याला दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात ते यामुळेच. हे ओळखून सिंगापूरने १९९४ मध्ये केवळ रात्री पाहावयाचे प्राणिसंग्रहालय उघडले. तेथे चांदण्यासारखा मंद प्रकाश ठेवतात.

मोठ्या उत्साहाने हे सारे मी घरी सांगितले. बाबा हसले. म्हणाले, "पैसे देऊन पाह्यलं का रे? आपल्या वावरात तं रोज फुकट येते!"

आमचे गाव ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आहे. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान, अजिंठ्याच्या डोंगररांगेतील सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे जंगल १९९७ मध्ये अभयारण्य झाले. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून येथे पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून ही वाट कळली. वाटेत शेते होती, गावे होती. पण तो बहुधा रात्रीच चाले.

त्या रात्री मी बाबांबरोबर जागलीला गेलो. हरभऱ्याच्या कडेला हिरवट डोळे चमकले. रोही! मी डोळ्यातील थर समजावून सांगितला. बाबांनी शांतपणे ऐकले. मग त्यांनी सांगितले, कळप नाल्याच्या वाटेने येतो, पुढची म्हातारी मादी आधी वारा घेते, आणि डबा वाजविला तर दोन रात्रीच फरक पडतो. हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले मी वाचले नव्हते. मी वहीत उतरवून घेतले. पहाटे पाहिले तर चार ओळी खाल्लेल्या होत्या. माझी परीक्षा फी याच हरभऱ्यातून भरावयाची होती.

विद्यार्थी मित्रांनो, प्राणी पाहावयाचा तर त्याच्या वेळेला पाहावा. मात्र त्याच वेळेला धुऱ्यावर कोणी तरी जागत बसलेला असतो. पिंजऱ्याबाहेर उभा राहून मी प्राण्यांचे कौतुक शिकलो. बाबांशेजारी बसल्यावर त्या कौतुकाची किंमत कोण मोजतो, ते कळले. आपल्या जिल्ह्यात या विषयाचा अभ्यास करावयाचा असेल, तर ग्रंथालयाबरोबर जागलीच्या माळ्यावरही बसावे लागेल.