गवंडी आणि मजूर

घर बांधताना गवंडी विटा लावतो. मजूर घमेल्याने माल देतो. मजूर मागे पडला, की गवंडी थापी धरून बसून राहतो. मजूर फार चपळ असला, म्हणून गवंड्याचा हात काही जास्त चालत नाही. दोघांचा मेळ बसला पाहिजे.

संगणकातही तसेच आहे. प्रोसेसर हा गवंडी. मेमरीची पट्टी हा मजूर. दोघांमधल्या वाटेला बस म्हणत.

२००३ साली ८०० मेगाहर्ट्झ बसचा पेंटियम ४ निघाला. त्याच्या बसवरून सेकंदाला ६.४ गिगाबाइट माहिती जाई. गिगाबाइट हे माहितीचे माप आहे. डीडीआर ४०० ही एक पट्टी ३.२ गिगाबाइट देई. म्हणून सारख्या दोन पट्ट्या जोडीने बसवीत. बेरीज करून पाहा. हिशेब जुळतो ना?

आमच्या वर्गाला एक जुना संगणक मिळाला. त्यात २६६ ची पट्टी होती. आम्ही वर्गणी काढून ४०० ची महाग पट्टी आणली व तिच्याशेजारी बसवली. झालं काय? दोन्ही पट्ट्या २६६ च्याच चालीने चालल्या! जागा वाढली, पण वेगासाठी दिलेले जादा पैसे वाया गेले.

आता मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या पोटातूनच चालतो. तरी मेळ लागतोच. म्हणून आधी जुन्या पट्टीवरची चिठ्ठी व संगणकाची पुस्तिका वाचा. मगच दुकानाची पायरी चढा. वाचता येते, त्याचा पैसा वाचतो.