साथीचा रोग आणि लोकांचें मत

गेल्या सहामाहींत आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळापुढें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक विषय मांडला : “महामारीमुळें ब्रेक्झिटविषयींचें ब्रिटिश लोकांचें मत बदललें काय?” धाराशिवच्या मुलांनीं इतक्या दूरच्या प्रश्नास हात घालावा याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडें हसूंही आलें. परंतु पांच मिनिटांच्या आंत वर्गांत दोन तट पडले. एक म्हणे बदललें, दुसरा म्हणे मुळींच नाहीं. पुरावा दोघांजवळही नव्हता. तेवढ्यांत शेवटच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, “सर, आपल्या गांवाचें मत बदललें का?” त्याला उत्तर देणें त्या दिवशीं आम्हांस साधलें नाहीं. तें आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ब्रेक्झिट म्हणजे काय हें पालकांकरितां थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आमच्या आजोबांच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे कीं, निजामाच्या अमदानींत येथून बार्शीस माल न्यावयाचा झाला तर वाटेंत करोडगिरीचा नाका लागे. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे इंग्रजी रुपया. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें व पुढें ती हद्द पुसली गेली. युरोपांतील राष्ट्रांनीं आपसांतील असे नाके हळूहळू काढून टाकले, आणि ब्रिटन १९७३ सालीं त्या मंडळींत सामील झालें. १९७५ मध्यें तेथील जनतेस विचारलें तेव्हां शेंकडा ६७ मतें राहण्याच्या बाजूस पडलीं. २३ जून २०१६ रोजीं पुन्हां विचारलें, तेव्हां शेंकडा ५१.९ लोकांनीं “बाहेर पडावें” असा कौल दिला. काढलेले नाके पुन्हां उभारणें, असें त्याचें ढोबळ वर्णन करतां येईल.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. तो मुलगा व आम्ही एकाच गांवचे. मे २०२० मध्यें करोनाच्या भीतीनें व काम बंद पडल्यामुळें पुण्यामुंबईहून माणसें गांवीं परतूं लागलीं, तेव्हां आमच्या गांवानें रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून वाट अडविली. येणारांस जिल्हा परिषदेच्या शाळेंत चौदा दिवस ठेविलें. घरचीं माणसें भाकरी आणून फाटकापाशीं ठेवीत व मागें सरत. जे आदल्या वर्षीं जत्रेच्या मंडपासाठीं हजार हजार रुपये पाठवीत होते, ते एका रात्रींत परके ठरले. फांद्या टाकाव्या कीं नाहीं, हें ठरविण्यास जी बैठक भरली तींत आम्हींही “टाकाव्या” म्हणून हात वर केला होता. हें येथें लपवून ठेवणें बरें नव्हे. आमच्या घरांत ऐंशी वर्षांची आई होती. एवढेंच कारण त्या वेळीं पुरेसें वाटलें.

साथ ओसरल्यावर आम्हीं गांवांत ज्याला त्याला याविषयीं विचारून पाहिलें. शहरांत गेलेल्यांविषयीं ज्यांच्या मनांत आधींपासून आकस होता, ते म्हणाले, “आम्ही सांगतच होतों!” ज्यांचा मुलगा किंवा जांवई बाहेरगांवीं होता, ते म्हणाले, “आम्हीही सांगतच होतों!” दोघांनींही तोच रस्ता व त्याच फांद्या पाहिल्या होत्या. मत बदललें होतें तें फक्त फाटकाच्या आंत चौदा दिवस काढलेल्यांचें.

परंतु एका गांवावरून नियम बांधूं नये. महाराष्ट्रांत यापूर्वीं याहून कठीण प्रसंग येऊन गेला आहे, आणि त्याचे कागदपत्र उपलब्ध आहेत. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांस ग्रंथिक ज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी आढळला. लवकरच साथ पुण्यास पोंचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. (हाच कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला. रोग नवा, कायदा मात्र सव्वाशें वर्षांचा!) पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली, आणि मार्चच्या मध्यापासून गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊं लागले. रोगी इस्पितळांत, घरचीं माणसें छावणींत, सामान बहुधा आगींत. स्वयंपाकघर व देवघर यांची अब शिपायाच्या बुटास कळण्याचें कारण नव्हतें. बायकांची तपासणी परपुरुषांनीं उघड्यावर करावी, हें तर कोणासही सहन होण्याजोगें नव्हतें.

येथें विद्यार्थ्यांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. लोकमान्य टिळक आरंभीं प्लेगच्या उपायांच्या विरुद्ध नव्हते. पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी शहर सोडून गेली असतां ते पुण्यांतच राहिले, हिंदूंसाठीं स्वतंत्र इस्पितळ उघडण्यास त्यांनीं साहाय्य केलें, आणि सरकारशीं सहकार्य करावें असें लोकांस सांगितलें. ‘केसरी’चा सूर चढत गेला तो झडत्या सुरू झाल्यावर. आमच्या समाजांतील पंडिता रमाबाई यांस तर कोणी सरकारद्वेष्ट्या म्हणूं शकलें नसतें; तरी पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांतील व्यवस्थेविरुद्ध त्यांनीं वर्तमानपत्रांतून उघड तक्रार केली. तेव्हां रोगाच्या भयानें लोक सरकारपासून दूर गेले, असें म्हणतां येत नाहीं. सरकार त्यांच्या उंबरठ्याच्या आंत कोणत्या रीतीनें आलें, यावर सारें अवलंबून होतें.

याच साथींत उंबरठा ओलांडण्याची दुसरी रीतही दिसली. सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉक्टर यशवंत यांच्यासह हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठीं दवाखाना चालविला, रोग्यांची सेवा स्वतः केली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्या वारल्या. झडत्या त्यानंतर थोड्याच दिवसांनीं सुरू झाल्या.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परततांना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्या खटल्यांतील पंचांचा निकाल आमच्या प्रश्नास फार उपयोगाचा आहे : नऊ पंचांपैकीं सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी म्हटलें, तीन हिंदी पंचांनीं निर्दोष म्हटलें. लेख तेच, साक्षी त्याच, न्यायालयाची खोली तीच. तिकडे गोपाळराव गोखल्यांनीं इंग्लंडांत असतां पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें शिपायांवर भयंकर आरोप केले होते. परत आल्यावर पुरावा देतां येईना, म्हणून त्यांनीं जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनीं त्यांस भ्याड म्हटलें. पण नंतर ते त्याच पुण्यांत प्लेगग्रस्तांच्या साहाय्यास लागले. आमच्या मतें त्या वर्षींचें सर्वांत अवघड कृत्य हेंच. मात्र याविषयीं इतिहासशिक्षकांशीं आमचा वाद आहे.

आतां ब्रिटनकडे वळतों. योगायोग असा कीं ३१ जानेवारी २०२० च्या रात्रीं तो देश युरोपीय संघांतून बाहेर पडला, आणि करोनाचे पहिले दोन रोगी तेथें सांपडल्याचें त्याच दिवशीं जाहीर झालें. जुन्या व्यवस्थेची मुदत वर्षअखेरपर्यंत होती. साथ पाहून ती वाढवावी असें अनेकांनीं सुचविलें, पण सरकारनें मानलें नाहीं. डिसेंबरांत विषाणूचा नवा प्रकार दिसतांच फ्रान्सनें हद्द बंद केली व डोव्हरच्या वाटेवर हजारों मालमोटारी नाताळांत अडकून पडल्या. संघांत राहावें म्हणणारे म्हणाले, “हा पाहा हद्दीचा प्रताप!” बाहेर पडावें म्हणणारे म्हणाले, “हा रोगाचा प्रताप!”

लशीचेंही तेंच झालें. ८ डिसेंबर २०२० रोजीं ब्रिटनमध्यें लस टोचण्यास आरंभ झाला. युरोपांत तो वर्षाच्या अगदीं शेवटीं झाला. एका मंत्र्यानें याचें श्रेय ब्रेक्झिटला देऊन टाकलें. वस्तुतः तांतडीची परवानगी देण्याची मुभा युरोपच्या त्या वेळच्या कायद्यांतही होती, आणि तो कायदा ब्रिटनला तेव्हां लागूच होता. तथापि संघाच्या सामायिक खरेदींत न शिरतां ब्रिटननें आपली खरेदी वेगळी केली, ही गोष्टही खरी. पुढें जानेवारीच्या अखेरीस संघ व लस करणारी कंपनी यांच्यांत पुरवठ्यावरून तंटा झाला, आणि लोकांचीं मतें अजमावणारे सांगत कीं, “बाहेर पडलों तें बरें झालें” म्हणणारांचें व “चुकलें” म्हणणारांचें अंतर कांहीं काळ कमी झालें होतें. ब्रिटनला लागणाऱ्या लशीपैकीं एक कोटि मात्रा आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून जावयाच्या होत्या. मार्च २०२१ मध्यें त्यांतील पन्नास लाख मागें राहिल्या. नाके उठविले काय किंवा उभारले काय, लंडनच्या दंडावरील सुई हडपसरच्या बाजूस भरली जात होती.

तें अंतर फार काळ कमी राहिलें नाहीं. २०२१ च्या शरदांत पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या, कारण टाक्या नेणारे मोटारचालक नव्हते. साथींत वाहनचालकांच्या परीक्षा बंद पडल्या होत्या, आणि युरोपांतील चालक परत गेले होते. रोग किती व ब्रेक्झिट किती, हें त्या रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्यानें कसें वेगळें करावें? २०२२ च्या अखेरीस मात्र विचारलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक “चुकलें” म्हणत होते, आणि “योग्य केलें” म्हणणारे सुमारें तृतीयांश उरले होते.

हें मत बदलणें म्हणावें काय? कांहीं अंशीं होय. महागाई व व्यापारांतील अडचणी यांनीं कित्येकांस फिरविलें. परंतु दुसरें एक कारण आहे, व तें लिहितांना हात अडखळतो. २०१६ मध्यें वृद्धांनीं बहुतेक बाहेर पडण्याच्या बाजूनें व तरुणांनीं बहुतेक राहण्याच्या बाजूनें मत दिलें होतें. तेव्हांपासून कित्येक वृद्ध वारले, आणि त्या वेळीं शाळेंत असलेलीं मुलें मतदार झालीं. मत तेंच ठेवून माणसें बदललीं तरी आंकडा बदलतो. साथीनें जे नेले ते अधिक वृद्धच होते, हें आपणांस सांगावयास नको.

आमची आई त्या साथींतून वांचली. तिचें व आमचें मत मात्र आतां एक नाहीं : ती म्हणते, फांद्या टाकल्या तें ठीक केलें, आम्हांस तसें म्हणवत नाहीं. आमचें मन कोणत्याही पुस्तकानें किंवा आंकड्यानें फिरविलें नाहीं. सातव्या कीं आठव्या दिवशीं आम्ही शाळेच्या फाटकाशीं भाकरी ठेवावयास गेलों असतां आंतून एकानें आमचें नांव घेऊन विचारलें, “तुम्हीही हात वर केला होता म्हणतात, खरें का?” आम्हीं होय म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. भाकरी उचलून आंत गेला.

शेवटच्या बांकावरील मुलगा त्याचाच. त्याचे वडील पुण्यास पुन्हां कामावर आहेत. जत्रेची वर्गणी ते त्या वर्षापासून पाठवीत नाहींत.