काचेच्या बाटलीतील बटाटा आणि उजेड

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेतला जातो, आणि मंचरची पेठ बटाट्याच्या बियाण्यासाठी ओळखली जाते. हे बियाणे मुख्यत्वेकरून पंजाबातून येते. मी भूगोलाचा विद्यार्थी असल्याने मला प्रश्न पडला की, बटाटा पिकविणाऱ्या मुलखाला बियाणे हजाराहून अधिक किलोमीटरवरून का आणावे लागते?

बटाटा कंदापासून लावतात. कंदात एकदा विषाणू शिरला की तो पुढच्या लागवडीतही उतरतो. हा विषाणू पसरवितो मावा. उत्तरेच्या मैदानात कडक थंडीमुळे काही आठवडे मावा अगदी कमी असतो व तेवढ्यात बियाणे तयार करून घेता येते. आपल्या सौम्य हिवाळ्यात तितकी मुदत मिळत नाही.

यावर प्रयोगशाळेतील तोडगा म्हणजे ऊतिसंवर्धन. फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी 1955 साली रोगट बटाट्याच्या कोंबाचे अगदी सूक्ष्म टोक काचपात्रात वाढवून विषाणुमुक्त रोपे मिळविली. पुढे अशा रोपाचे एकेका डोळ्याचे तुकडे करून बाटल्या भरता येतात. बाटलीतील रोपाला साखर आयती मिळते. मग उजेड हवाच कशाला, असे वाटेल. परंतु अंधारात तेच रोप पांढुरके, लांबट व बारीक पानांचे होते. म्हणून साधारणतः 16 तास उजेड व 8 तास अंधार देतात. रंगाचेही महत्त्व आहे. नुसत्या तांबड्या प्रकाशात खोड उंच व किडकिडीत होते. निळ्यात ते आखूड, जाड व रुंद पानांचे होते. उजेड हे रोपाचे अन्न तर आहेच, पण त्याला मिळणारी सूचनाही आहे, असे मला वाटते.

कंद धरण्याच्या वेळी सूचना उलटी द्यावी लागते. साखर सुमारे 3 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर नेतात, खोली थंड करतात आणि उजेड 8 तासांवर आणतात किंवा पूर्ण अंधार करतात. मग वाटाण्याएवढे कंद धरतात. इथे भूगोल आला! बटाटा मूळचा अँडीज पर्वतातील. तेथील जुन्या जाती दिवस लहान असतानाच कंद धरतात. आपल्याकडे जूनचा दिवस 13 तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरचा सुमारे 11 तासांचा. तरीही पठारावर पावसाळ्यात पीक येते, कारण आजच्या जाती दिवसाच्या लांबीबाबत तितक्या हट्टी नाहीत, शिवाय पठाराची हवा त्या दिवसांत थंड असते.

मात्र बाटलीतून निघालेले रोप लगेच शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही. आधी कीटकरोधक जाळीघरात छोटे कंद, मग काही हंगाम शेतात वाढ, आणि तेथे पुन्हा मावा वाट पाहत असतो. तेव्हा केवळ प्रयोगशाळा उभारून मंचरची पंजाबवरील भिस्त सुटेल, असे मला वाटत नाही.

उजेडाचा एक धडा मात्र आजही बिनखर्ची घेता येतो. खाण्याचा बटाटा आरणीत झाकून ठेवतात ते योग्यच, कारण उजेडात तो हिरवा पडतो व त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. बियाण्याचे तसे नाही. ते पोत्यात कोंडले तर कोंब लांब, पांढरे येतात व लावताना मोडतात. सावलीत, मंद उजेडात पसरून ठेवले तर कोंब आखूड, हिरवट आणि दणकट येतात.