गमवरची पाल

उंदरांसाठी लावलेल्या गमवर उंदीर कमी आणि पालीच जास्त अडकतात. परभणी जिल्ह्यातल्या बोरीत आमचं किराणा दुकान आहे, मागच्या खोलीत तुरीची, सोयाबीनची पोती. म्हणजे उंदीर आलेच. धाकटे भाऊजी जिंतूरहून गमच्या पुठ्ठ्यांचा गठ्ठाच घेऊन आले आणि बल्बच्या उजेडात एकेक उघडून ठेवला. उजेडाला किडे आले, ते गमला चिकटले आणि त्यांच्यामागे पाल आली. उंदीर शहाणे निघाले, त्यांनी कडेकडेनं वाट काढली.

पहिली पाल सापडली तेव्हा दुकानातल्या पोरानं तिला शेपटीला धरून ओढलं. शेपटी त्याच्या हातात राहिली, पाल गमवरच. मग कुणीतरी गाडीतलं पेट्रोल आणलं. पेट्रोलनं गम सुटला खरा, पण पालीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, तिला ते सोसलं नाही. वर जखमेवर हळद दाबली, ती नाकपुडीत गेली. संध्याकाळपर्यंत पाल गेली. सगळ्यांनी दयाबुद्धीनंच केलं होतं, म्हणून कुणाला बोलताही येईना.

दुसरी पाल सापडली तेव्हा मी कुणालाच हात लावू दिला नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाल हाय ती, फेका की पुठ्ठ्यासकट." सासूबाईंना ते पटलं नाही. पाल अंगावर कुठं पडली तर काय होतं, हे त्या पंचांगात बघून सांगतात. पाल आजारी पडली तर काय करायचं, ते मात्र पंचांगात नाही. ते मी ओळखीच्या पशुवैद्यकांना फोन लावून विचारलं. गाई-म्हशींचे डॉक्टर, आधी हसले, मग नीट सांगितलं.

सगळ्यात आधी गमचा मोकळा भाग झाकायचा. त्यावर कागद चिकटवा नाहीतर पीठ भुरभुरा, म्हणजे सुटलेला पाय परत चिकटत नाही. मग खायचं तेल घ्यायचं. आमच्याकडे करडईचं होतं. शेतातून करडई आता कमीच दिसते; शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, कुठलंही तेल चालतं. कापसाच्या बोळ्यानं ते कातडी आणि गम जिथं भेटतात त्या रेषेवर सोडायचं आणि थांबायचं. गम मऊ पडला की बोळाच पुढं सरकवायचा, पाल ओढायची नाही. एकेक बोट सोडवावं लागतं. शेपटीला तर हातच लावू नये. ती तुटली तर परत फुटते, पण नव्या शेपटीत हाडाऐवजी कूर्चा असते. आणि तुटलेल्या शेपटीबरोबर साठवलेली चरबीही जाते. आजारपणात पाल त्याच चरबीवर तग धरते.

तेल नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही. घरातल्या पालीला पापण्या नसतात, डोळा ती जिभेनं चाटून पुसते. म्हणजे डोळ्यावरचं तेल थेट पोटात. म्हणून डोळ्याजवळ फक्त कोमट पाण्यात भिजवलेला कापूस. अंगावरचं तेल लहान बाळाच्या शाम्पूचा एखादा थेंब घातलेल्या कोमट पाण्यानं पुसून काढायचं आणि मग साध्या पाण्यानं परत पुसायचं. जखम असेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाइतकं पातळ करायचं आणि तेवढंच लावायचं. हळद नाही, चुना नाही, माणसाचं मलम नाही.

आमची पाल सुटली आणि भिंतीवर ठेवल्याबरोबर खाली घसरली. सासूबाई म्हणाल्या, पाय गेले हिचे. पाय गेले नव्हते. पालीच्या बोटांखाली पट्ट्या असतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस. हे केस भिंतीच्या इतके जवळ जातात, की रेणूंमधल्या अगदी क्षीण ओढीवर सगळी पाल तोलली जाते. हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 ते 2002 च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं. केसांवर तेलाचा, गमचा थर बसला की ती ओढ संपते. कात टाकल्यावर तळवे नव्यानं येतात. तोवर ती चढणार नाही, म्हणून तिला घाईनं बाहेर सोडायचं नाही. घसरणाऱ्या पालीला मांजर सोडत नाही.

बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी साधा कागद, लपायला पुठ्ठ्याची नळी. खरं औषध उबेचं. पालीचं रक्त बाहेरच्या हवेइतकंच गरम किंवा थंड होतं, आणि ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटात सडतं. परभणीची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो. खोक्याच्या एका टोकाला तीस अंशांच्या आसपास ऊब हवी आणि दुसरं टोक गार, म्हणजे तिला हवं तिथं ती सरकते. लाईटचा भरवसा नाही, म्हणून मी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याला बाहेरून टेकवत असे. उन्हात खोकं ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात ती भाजून निघेल.

खाण्याची घाई सगळ्यांनाच असते. शेजारच्या काकू दूध-भात घेऊन आल्या होत्या. पालीला दूध नाही, भात नाही, बिस्कीट नाही. आधी पाणी, तेही वाटीतलं नाही. पाल भिंतीवरचे थेंब चाटते. खोक्याच्या कडेला आणि तिच्या ओठाच्या टोकाला थेंब लावला की ती जीभ काढते. तोंड उघडून ड्रॉपरनं ओतलं तर पाणी श्वासनळीत जातं. खोल गेलेले डोळे भरून आले, कातडीच्या सुरकुत्या गेल्या, की मग किडे. आधी बारके पतंग, मग मऊ अळ्या. कपाशीतले किडे आणू नका, फवारणीचं विष त्यांच्या अंगावर असतं. घरात डासांचा फवारा मारला असेल तर तिथलेही नकोत. रातकिडा रात्रभर खोक्यात सोडू नये, अशक्त पालीला तोच चावतो.

मी रोज सकाळी कागद बघत असे. काळी लेंडी आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला, की आतलं यंत्र चालू झालं समजायचं. तोवर पाल हातात घेऊन लाड करू नयेत, पोरांना दाखवू नये. बोटांवर कात अडकून राहिली तर ती आवळत जाते आणि बोट झडतं. खोक्यात ओलसर फडकं ठेवलं की ती आपोआप सुटते. प्रत्येक वेळी हात साबणानं धुवायचे. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात आणि त्यांनी माणसाला जुलाब-ताप होतो. पाल विषारी नाही. खबरदारी घ्यायची ती या जंतूंची.

जखम सुजली, तोंड उघडंच राहिलं, मागचे पाय ओढायला लागली, तर घरी काही करत बसू नका. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं विचारा. गमवर साप चिकटलेला दिसला तर तेलही लावायला जाऊ नका. लांब राहा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा किंवा सर्पमित्राला बोलवा. अडकलेल्या उंदराच्या वासानं साप येतो, हे पुठ्ठ्याच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आमची पाल खोक्याच्या उभ्या कडेवर चढून उलटी लटकलेली दिसली, त्याच दिवशी तिन्हीसांजेला तिला दुकानाच्या मागच्या भिंतीवर सोडलं. उरलेले पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून बंद केले आणि मगच कचऱ्यात टाकले. उघडे टाकले असते तर उकिरड्यावर चिमण्या अडकल्या असत्या. आता पोती फळ्यांवर ठेवतो, भिंतीची बिळं काचा घालून सिमेंटनं बुजवली आहेत, आणि भाऊजींनी तारेचा पिंजरा आणलाय. त्यात भाकरीचा तुकडा लावायचं काम सासूबाईंकडे आहे.